जुनें पद, नवा गळा

जुन्या नाट्यपदाची एखादी नवी मुद्रिका निघाली, किंवा एखाद्या बोलपटांत तें पद नव्या गवयाच्या गळ्यांतून ऐकूं आलें, कीं आमच्याकडील सुशिक्षित घरांतून एक ठराविक वाक्य हमखास उच्चारलें जातें: "छान आहे, पण मूळ तें मूळच!" हें वाक्य उच्चारणारे गृहस्थ बहुधा वयानें वडील असतात, आणि तें उच्चारलें कीं चर्चा संपली असें त्यांस वाटतें. घरांतील तरुण मंडळी वडीलधाऱ्यांचा मान राखून गप्प बसतात, आणि मागाहून कानांत यंत्र घालून तेंच नवें गाणें चारदां ऐकतात. आमच्या मतें या दोन्ही पक्षांकडून त्या बिचाऱ्या पदावर थोडा अन्यायच होतो. पहिला पक्ष 'मूळ' म्हणजे काय याचा विचार करीत नाहीं, आणि दुसरा पक्ष नवें गाणें आपणांस कां आवडलें हें स्वतःस विचारीत नाहीं. म्हणून या प्रश्नाकडे थोडें निवांतपणें पाहावें, आणि तें पाहतां पाहतां, पुन्हां गाइलेल्या ज्या पदांवर आमचा विशेष लोभ आहे त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजींत अशा पुनर्गायनास 'कव्हर' म्हणतात, व तो शब्द आतां आपल्याकडेही रूढ झाला आहे. कव्हर म्हणजे झांकण. बाजारांत निघणाऱ्या या जातीच्या पुष्कळशा गाण्यांस तो शब्द शोभतो, हें कबूल केलें पाहिजे; मूळ गाणें झांकून टाकण्यापलीकडे त्यांच्या हातून कांहींच होत नाहीं. परंतु आम्हांस ज्या गाण्यांविषयीं लिहावयाचें आहे त्यांचें काम याच्या अगदीं उलट आहे, आणि म्हणून 'पुनर्गायन' हा किंचित् बोजड शब्दच आम्ही वापरणार आहों.

प्रथम 'मूळ' या शब्दाची झडती घेऊं. नाट्यसंगीताच्या बाबतींत हें प्रकरण वाटतें तितकें सरळ नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० सालीं रंगभूमीवर आलें व 'सौभद्र' १८८२ सालीं. त्या काळच्या संगीत नाटकांचीं जुनीं छापील पुस्तकें ज्यांच्या घरीं माळ्यावर पडलीं असतील त्यांनीं तीं एकवार खालीं काढावीं. पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द दिसेल, आणि त्यापुढें भलत्याच एखाद्या गाण्याचे आरंभींचे शब्द दिसतील. कवीनें पद रचलें तें लोकांच्या कानांत आधींच बसलेल्या एखाद्या सुरावटीवर. ती सुरावट कधीं लावणीची असे, कधीं कीर्तनांतील साकी-दिंडीची, कधीं कर्नाटकांतून आलेली. पुढें १९११ सालीं खाडिलकरांचें 'मानापमान' आलें. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं दिल्या, व त्यांत पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा वांटा मोठा होता. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखले यांचें संगीत लाभलें, आणि घराण्यांच्या बैठकींतील बंदिशी रुक्मिणीच्या मुखांतून मराठी बोलूं लागल्या. ज्यांस आपण 'मूळ' म्हणून हात जोडतों त्यांपैकीं कित्येक पदें अशा रीतीनें स्वतःच दुसऱ्या कुणाच्या गाण्याचीं पुनर्गायनें होत. त्या काळीं यांत कुणास गैर वाटलें नाहीं. चाल ही वाटेवरच्या विहिरीसारखी मानली जाई. ज्याला तहान लागेल त्यानें पोहरा सोडावा.

मग ही 'मूळ'पणाची सोवळी कल्पना आली कोठून? आमच्या समजुतीप्रमाणें ती यंत्राबरोबर आली. सौभद्रांतील सुभद्रेचीं पदें पहिल्यानें गाइलीं भाऊराव कोल्हटकरांनीं. भाऊराव १९०१ सालीं निवर्तले, आणि हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणास आरंभ झाला तो १९०२ सालीं, कलकत्त्यास. अवघ्या एका वर्षाची चुकामूक. पण तिच्यामुळें भाऊरावांचा आवाज कसा होता हें आज कोणीही सांगूं शकत नाहीं. १९०५ सालीं नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळींत दाखल झाले आणि यथाकाल सुभद्रा त्यांच्याकडे आली, तेव्हां त्यांच्यापुढें भाऊरावांची कीर्ति होती. प्रत्यक्ष भाऊराव नव्हते. माणसाची आठवण नव्या गवयास थोडी जागा देते. ती हळूहळू पुसट होते, नव्या आवाजांत मिसळते, आणि दहा वर्षांनीं दोहोंची सरमिसळ होऊन जाते. यंत्र असें कांहीं करीत नाहीं. बालगंधर्वांनंतर ज्या कोणीं रुक्मिणीचें पद गाण्यास तोंड उघडलें, त्यांस खुद्द बालगंधर्वांच्या शेजारीं उभें राहून तें गावें लागलें, कारण ऐकणाराच्या घरीं तबकडी होती.

आणि ती तबकडी तरी मूळ गाण्याचें कितपत प्रमाण मानावें? मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंदिरांत तेंच पद 'वन्स मोअर'च्या गजरांत किती लांबत असे याच्या कथा आपल्या आजोबा-पणजोबांनीं सांगितलेल्या आहेतच. तेथें कादरबक्षांची सारंगी होती, अहमदजान थिरकवांचा तबला होता, आणि रात्र सगळी मोकळी होती. त्या गाण्यांत आज जें गाइलें तें उद्यां तसेंच येईल असा नेम नसे. तबकडीवर उतरला तो त्या गाण्याचा तातडीनें केलेला सारांश. या सारांशासच आम्ही मूळ ग्रंथ समजूं लागलों, त्यांतील प्रत्येक हरकत पाठ करूं लागलों, आणि दुसऱ्या गवयानें ती तशीच घेतली नाहीं तर कपाळास आठ्या घालूं लागलों.

हें आम्ही तबकडीच्या निंदेसाठीं लिहीत नाहीं. ती नसती तर आमच्या पिढीस बालगंधर्व हें केवळ एक नांव राहिलें असतें. परंतु दुसरीही गोष्ट तितकीच खरी आहे. नाटक मंडळ्या बंद पडल्या, रात्र रात्र चालणारे प्रयोग थांबले, आणि तेव्हांपासून नाट्यपद जिवंत राहिलें आहे तें केवळ पुन्हां पुन्हां गाइलें गेल्यामुळें. बैठकीच्या शेवटीं एखादें नाट्यपद म्हणावें हा गवयांचा परिपाठ नसता, तर आज पंचविशींत असलेल्या कोणा मुलास 'स्वयंवरां'तील एक ओळही ठाऊक नसती. म्हणून पुनर्गायन कसें करावें हा शौकिनांच्या गप्पांतील प्रश्न नव्हे. तें नीट झालें तर ही संपत्ति पुढच्या पिढीस मिळेल. नाहीं तर तिची रवानगी कपाटांत होईल.

पुनर्गायनाचा पहिला मार्ग अनुकृतीचा. त्यास नांवें ठेवण्याची आज फॅशन आहे, पण आम्ही सरसकट तसें करणार नाहीं. जयमाला शिलेदारांनीं (१९२६–२०१३) बालगंधर्वांची गायकी आयुष्यभर सांभाळिली. त्यांचें गाणें ऐकतांना बालगंधर्वांची आठवण पदोपदीं होते, तरी ही नक्कल आहे असें मनांत येत नाहीं. कारण त्या गायकीचें व्याकरण त्यांस अवगत होतें. तबकडीवर नसलेली जागाही त्या त्याच व्याकरणानें घेत. २०११ सालच्या 'बालगंधर्व' या बोलपटांत सुबोध भावे यांनीं केलेल्या भूमिकेस आनंद भाटे यांनीं आवाज दिला, व त्याबद्दल त्यांस पार्श्वगायनाचें राष्ट्रीय पारितोषिकही मिळालें. येथें तर अनुकृति हें कर्तव्यच होतें. पडद्यावर बालगंधर्व उभे असतां गळा दुसऱ्याचा असून चालतें ना. भाटे भीमसेन जोशांच्या तालमींत तयार झालेले. तो कसदारपणा कोठें कोठें डोकावतो, आणि आम्हांस तर ते क्षणच अधिक आवडले. मात्र दूरचित्रवाणीवरील स्पर्धांत दहा-बारा वर्षांचीं मुलें तबकडीवरचा श्वाससुद्धां पाठ करून म्हणतात आणि परीक्षक 'हुबेहूब!' म्हणून टाळ्या पिटतात, तें पाहून आम्हांस त्या मुलांची कींव येते. हुबेहूब हा शब्द मेणाच्या पुतळ्यास ठीक आहे.

दुसऱ्या मार्गाचें आमचें सर्वांत आवडतें उदाहरण मात्र फार जुनें आहे, आणि गंमत अशी कीं तें 'मूळ तें मूळच' म्हणणाऱ्यांच्याही आवडीचें आहे. केवळ तें पुनर्गायन आहे हें त्यांच्या लक्षांत नसतें. 'मानापमानां'तील धैर्यधराचें 'प्रेमसेवा' हें पद टेंब्यांनीं भीमपलासांत बांधिलें होतें. पुढें बलवंत संगीत मंडळींत मास्टर दीनानाथ मंगेशकर तें गाऊं लागले ते मुलतानींत. राग बदलणें म्हणजे घराचा रंग बदलणें नव्हे, भिंतीच हलतात. तरीही हें पद कोसळलें नाहीं, याचें कारण पाहण्यासारखें आहे. भीमपलास व मुलतानी हे दोन्ही दिवस कलल्यावरचे राग. दोहोंच्याही आरोहांत ऋषभ व धैवत वर्ज्य. म्हणजे वर चढतांना पायऱ्या त्याच, पांचच. परंतु भीमपलासाचा मध्यम शुद्ध तर मुलतानीचा तीव्र. भीमपलासाचा निषाद कोमल तर मुलतानीचा शुद्ध. आणि उतरतांना मुलतानींत जे ऋषभ-धैवत भेटतात ते कोमल. यामुळें पदाच्या अक्षरांची चाल, त्यांचें चढणें व थांबणें, बरेंचसें पूर्ववत् राहिलें, पण त्यावर पडणारा प्रकाश पार पालटला. भीमपलासांतील धैर्यधर आर्जव करतो. मुलतानींतील धैर्यधरही शरणच जातो, परंतु ताठ मानेनें. तरवारीवरचा हात त्यानें अद्याप काढलेला नाहीं असें वाटतें. खाडिलकरांचा धैर्यधर सेनापति आहे, अपमान गिळून बसलेला आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दीनानाथांनीं हा बदल लहरीनें केला असें म्हणवत नाहीं. त्यांनीं पद वाचलें, पात्र वाचलें, आणि त्या पात्रास आपल्या गळ्याचा जो अंश लागू पडेल तो दिला. टेंब्यांची चाल उणी ठरली असें यावरून कोणीं समजूं नये. ती आजही कानावर पडली तर गोड लागते. फक्त ती दुसऱ्या एका धैर्यधराची आहे.

दीनानाथ १९४२ सालीं वारले. त्यांचीं पदें त्यानंतर अनेकांनीं गाइलीं, पण त्यांतील वीज पकडली ती डॉ. वसंतराव देशपांडे यांनीं (१९२०–१९८३). वसंतरावांनीं उमेदीचीं कित्येक वर्षें पुण्यांत लष्करी हिशेबखात्यांतील नोकरींत काढलीं. या माणसाचें गाणें मात्र खर्डेघाशीच्या अगदीं दुसऱ्या टोंकाचें होतें. हिशेब म्हणून त्यांत नांवाला नाहीं. दीनानाथांची तान आकाशांत चमकून नाहींशी होते. वसंतराव ती चमकल्यानंतर तिच्या मागोमाग जातात, ती कोठें पडली तें शोधतात, आणि तेथून दुसरीच एखादी वाट काढून समेवर येतात. दीनानाथांनीं तीन मिनिटांत जें सुचविलें तें वसंतरावांनीं बैठकींत उलगडून दाखविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. क्वचित् ते फार उलगडतात. पद मागें राहतें आणि रागाची बढत पुढें जाते. अशा वेळीं धैर्यधर केव्हांच विंगेंत निघून गेलेला असतो. पण हा दोष श्रीमंतीचा आहे, आणि आम्ही तो आनंदानें सोसतों.

आतां ज्या पुनर्गायनावरून घराघरांतून सर्वांत अधिक वाद झाले त्याकडे वळूं. कुमार गंधर्वांनीं (१९२४–१९९२) बालगंधर्वांचीं पदें गाइलीं आणि त्या कार्यक्रमास नांव दिलें 'मला उमजलेले बालगंधर्व'. हें नांव ठेवणाऱ्याचें पूर्ववृत्त ठाऊक असल्याशिवाय त्यांतील मर्म कळत नाहीं. कुमार अगदीं लहान असतांना थोर गवयांच्या तबकड्या ऐकून तें गाणें जसेंच्या तसें गळ्यांतून काढीत, आणि लोक तोंडांत बोटें घालीत. त्यांची पहिली ख्याति ती. 'कुमार गंधर्व' ही पदवीही त्या बालपणांतलीच. म्हणजे हुबेहूब गाण्याची विद्या या माणसास दुधाच्या दातांबरोबरच आली होती. पुढें १९४७ च्या सुमारास क्षयानें त्यांस गांठलें; देवासला कित्येक वर्षें गाणें बंद राहिलें, आणि एक फुप्फुस कायमचें निकामी झालें. या दुखण्यांतून उठून जो गवई गाऊं लागला त्याला लांब श्वासाची चैन परवडण्यासारखी नव्हती. त्यानें बालगंधर्वांची हुबेहूब प्रत काढावयाची ठरविली असती तरी लहानपणींचें कसब त्याच्यापाशीं होतेंच. त्यानें तें बाजूस ठेविलें, आणि 'उमजलेले' हा शब्द निवडला. आमच्या मतें पुनर्गायनाच्या साऱ्या शास्त्राला पुरून उरणारा हा शब्द आहे. त्यांत नम्रता आहे, कारण बालगंधर्व याहून मोठे असूं शकतील हें त्यांत गृहीत आहे. आणि त्यांत हक्कही आहे, कारण जें उमजलें तें माझें.

कुमारांच्या या गाण्यावर आक्षेप असा घेतात कीं, त्यांत बालगंधर्वांचें लाघव नाहीं, स्त्रीसुलभ मार्दव नाहीं. आक्षेप वस्तुस्थिति म्हणून खरा आहे. बालगंधर्वांच्या गाण्यांत एक सूर दुसऱ्यांत विरघळत जातो. कुमारांच्या गाण्यांत दोन सुरांमधली रिकामी जागाही ऐकूं येते. सूर अकस्मात् फेंकला जातो, आणि मग क्षणभर कांहींच नसतें. परंतु मार्दव हा रुक्मिणीच्या व सिंधूच्या भूमिकेचा अलंकार होता. शालू, नथ, पायघड्या, समया हें सारें भोंवतीं असतां तो शोभला. सदरा घालून तानपुऱ्यांमध्यें बसलेल्या गवयानें तोच अलंकार अंगावर घालावयाचा कशासाठीं? हें सगळें काढून ठेविल्यावर बालगंधर्वांत काय उरतें, हा कुमारांचा प्रश्न होता. त्यांच्या गाण्यांतून त्याचें उत्तर आम्हांस तरी असें ऐकूं आलें: लय उरते. अक्षर मात्रेच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर ठेवावें, किती रेंगाळावें, समेच्या किती जवळ जाऊन तिला हुलकावणी द्यावी, ही बालगंधर्वांची खरी करामत. आवाजाच्या मोहिनीखालीं ती इतकी दडून राहिली होती कीं, आम्ही वर्षानुवर्षें त्या तबकड्या ऐकूनही तिच्याकडे लक्ष दिलें नव्हतें. कुमारांचें गाणें ऐकून झाल्यावर तीच जुनी तबकडी पुन्हां लावून पाहावी. ती बदललेली वाटते. मागाहून आलेल्या गाण्यानें आधींचें गाणें अधिक चांगलें ऐकूं यावें, याहून पुनर्गायनाकडून आणखी कसली अपेक्षा करावयाची?

येथें एक गोष्ट जातां जातां नमूद करावीशी वाटते. हीं पदें रुक्मिणीचीं, सुभद्रेचीं, भामिनीचीं. तीं पहिल्यानें गाइलीं पुरुषांनीं, स्त्रीवेष घेऊन. पुढें स्त्रिया रंगभूमीवर व बैठकींत आल्या तेव्हां त्यांच्यापुढें मोठा विचित्र प्रसंग उभा राहिला: स्त्रीनें स्त्रीचें पद गावयाचें, पण तें पुरुषानें स्त्रीसारखें गाइलें होतें तसें गावयाचें! हिराबाई बडोदेकरांनीं या पेंचांतून साधा मार्ग काढिला. त्यांनीं लचका-मुरका सोडला आणि किराणा घराण्याचा स्वच्छ, सरळ सूर लावला. त्यांच्या पदांत नाट्य कमी आहे हें खरें, पण एक प्रकारची घरंदाज शांति आहे. आशा भोसले यांनीं आपल्या वडिलांचीं, म्हणजे मास्टर दीनानाथांचीं पदें ध्वनिमुद्रित केलीं, त्यांत 'मानापमानां'तील भामिनीचीं पदें आहेत. वडील गेले तेव्हां त्या आठ वर्षांच्या होत्या. वडिलांची तान त्यांनीं घेतली आहे, पण तिच्याशीं चढाओढ केलेली नाहीं. बोलपटाच्या गाण्यानें त्यांस शब्द श्रोत्याच्या कानाशीं नेऊन ठेवण्याची जी कला शिकविली, ती त्यांनीं येथें खर्ची घातली. शूराविषयीं बोलणारी भामिनी त्यांच्या गळ्यांत प्रथमच आम्हांस वीस वर्षांची मुलगी वाटली. बोलपटांतील गायिकेनें नाट्यपदास हात लावूं नये असें म्हणणाऱ्या आमच्या कांहीं सोवळ्या मित्रांनीं तीं पदें एकदां डोळे मिटून ऐकावीं.

पुनर्गायनाचें कोडें नाटकांतच घालून दाखविलें तें पुरुषोत्तम दारव्हेकर व पं. जितेंद्र अभिषेकी यांनीं, १९६७ सालच्या 'कट्यार काळजांत घुसली' या नाटकांत. दोन घराण्यांच्या वैराची ती कथा. त्यांतील भुंग्यास उद्देशून असलेलें एकच पद अभिषेकींनीं दोनदां बांधिलें: एकदां धानींत, एकदां सालगवराळींत. धानींतील प्रसाद सावकारांनीं गाइलें, सालगवराळींतील खांसाहेबांच्या भूमिकेंत वसंतरावांनीं. शब्द तेच, अक्षरें तींच; पण पहिलें गाणें फुलाभोंवतीं सहज घोटाळतें, आणि दुसरें त्या फुलाचा पत्ता काढीत अरण्यांत शिरतें. यांतील मूळ कोणतें? दोन्हीं एका रात्रीं, एका रंगभूमीवर जन्मलीं. हा प्रश्न आम्ही 'मूळ तें मूळच'वाल्या मंडळींस अनेकदां घातला आहे. ते बहुधा चहा मागवितात.

या नाटकाचा २०१५ सालीं बोलपट झाला. जुन्या पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांचीं नवीं गाणींही त्यांत आलीं, आणि खांसाहेबांचा आवाज म्हणून वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गाइले. या बोलपटानें एक मोठें काम केलें हें नाकारतां येणार नाहीं. ज्या मुलांनीं पेटीचा भाता कधीं पाहिला नव्हता त्यांच्या ओठीं हीं पदें आलीं. तथापि वाद्यमेळाचा गलबला आम्हांस सोसला नाहीं. पद उभें राहतें न राहतें तोंच चहूंबाजूंनीं वाद्यें धांवून येतात आणि गवयास जणूं खांद्यावर घेऊन मिरवूं लागतात. चांगल्या गवयास पाय असतात याचा त्यांस विसर पडतो. राहुल देशपांडे यांचें गाणें खुललें तें तबल्याखेरीज बाकीचीं वाद्यें थोडा वेळ गप्प बसतात तेथें. आजोबांची सावली अंगावर असतां तिच्याशीं झटापट न करतां गाणें ही अवघड गोष्ट आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांस ती साधली आहे.

कायद्याचाही या विषयाशीं संबंध आहे, म्हणून दोन शब्द. १९५७ च्या आपल्या ग्रंथाधिकाराच्या कायद्यांत २०१२ सालीं जी दुरुस्ती झाली, तीप्रमाणें एखाद्या गाण्याचें पहिलें ध्वनिमुद्रण झाल्यावर पांच वर्षांनीं, सूचना देऊन व मोबदला भरून, दुसऱ्यास तें गाणें मुद्रित करतां येतें. मोबदला निदान ५०,००० प्रतींचा धरावा लागतो. मात्र शब्दांत वा संगीतांत, तांत्रिक दृष्ट्या आवश्यक तेवढें वगळतां, धन्याच्या संमतीवांचून फेरफार करतां येत नाहीं. हेतु चांगला आहे. दुसऱ्याच्या गाण्याची लूट थांबावी हा. परंतु हें कलम शब्दशः पाळावयाचें तर आज एखाद्या दीनानाथांस भीमपलासाची मुलतानी करण्याआधीं मुद्रांकित कागदावर परवानगी घ्यावी लागेल, ही कल्पना मनांत येऊन आम्हांस हसूं आलें. कायद्यास प्रत आणि उमज यांतील भेद कळत नाहीं. तो कळावा अशी अपेक्षाही नाहीं. तें काम श्रोत्यांचें आहे.

श्रोत्यांनीं आणखी एक काम केलें पाहिजे, तें म्हणजे नांवांची विचारपूस. पद नव्यानें गाइलें गेलें कीं गवयाचें नांव मोठ्या अक्षरांत येतें, पूर्वीच्या गवयाचें लहान अक्षरांत, आणि कवीचें व चाल देणाराचें बहुधा येतच नाहीं. 'एकच प्याला'ची गोष्ट घ्या. नाटक राम गणेश गडकऱ्यांचें. १९१९ च्या जानेवारींत ते गेले आणि नाटक त्याच सालीं, त्यांच्या पश्चात्, रंगभूमीवर आलें. परंतु त्यांतील पदें गडकऱ्यांचीं नव्हेत, तीं विठ्ठल सीताराम गुर्जरांचीं आहेत. सिंधूचें पद ऐकून ज्यांचे डोळे पाणावतात अशा दहा श्रोत्यांस विचारलें तर त्यांतील आठ जण तें पद गडकऱ्यांच्या नांवावर जमा करतील, उरलेले दोघे बालगंधर्वांच्या. नव्या मुद्रिकांनीं ही चूक सुधारावी कीं आणखी शंभर वर्षें चालू ठेवावी हें प्रकाशकांच्या हातीं आहे, आणि त्यास एका ओळीपलीकडे खर्च नाहीं.

सिंधूचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतों. रुक्मिणीस कुमारांसारखा वाचक मिळाला, धैर्यधरास दीनानाथ व वसंतराव मिळाले. सिंधूचीं पदें आम्हीं अनेक गळ्यांतून ऐकलीं आहेत, चांगल्या चांगल्या गळ्यांतून. आणि प्रत्येक वेळीं दुसऱ्याच ओळीला बालगंधर्वांच्या रडण्याची ती विख्यात लकेर आलीच. जातें ओढून हात दुखलेली, नवऱ्याची वाट पाहून थकलेली, रडूं न येणारी सिंधू अद्याप कोणीं गाइलेली आमच्या ऐकण्यांत नाहीं. वाचकांपैकीं कोणापाशीं तशी मुद्रिका असेल तर आम्ही त्यांच्या घरीं येऊन ती ऐकण्यास तयार आहों.